चाखणं म्हणजे खाणं नव्हे

डेअरीत तिला सगळे चाखणबाई म्हणत. समोर नुसतं 'बाई', पाठीमागे 'चाखणबाई', आणि हे दोन्ही तिला ठाऊक होतं. काम एकच. लोण्याची प्रत्येक खेप बाहेर पडण्याआधी चाखायची आणि ती पहिल्या दर्जाची, दुसऱ्या दर्जाची की परत वितळवायच्या लायकीची, ते सांगायचं. तपासणीची यंत्रं डेअरीत होती. पाणी किती, मीठ किती, हे ती बिनचूक सांगत. पण मलईचा कॅन उन्हात राहिला होता का, लोण्याला शेजारच्या रंगाच्या डब्याचा वास लागलाय का, हे सांगायला यंत्राला तोंड नव्हतं. ते काम बाईकडे.

त्याची पद्धत ठरलेली. थंड खोलीत लोण्याच्या ठोकळ्यात पोकळ सळई खुपसायची, फिरवून बाहेर ओढायची. सळईत अडकून आलेला लांबट तुकडा आधी नाकाखाली धरायचा. मग त्याचं नखाएवढं टोक जिभेवर घेऊन टाळूला लावायचं, वितळू द्यायचं. बरंचसं थुंकायचं आणि कोमट पाण्याने चूळ भरायची. यातला 'बरंचसं' हा शब्द महत्त्वाचा. थोडं घशाखाली जाऊ द्यावंच लागे. लोण्यातला कडवटपणा लबाड असतो, जिभेवर गप्प बसतो आणि गिळल्यावर घशात डोकं वर काढतो. हे तिला तिच्या आधीच्या म्हाताऱ्या चाखणाऱ्याने शिकवलं होतं, आणि तो सोडून दुसऱ्या कुणाचं तिने या बाबतीत कधी ऐकलं नव्हतं.

याला डेअरीत कुणी 'खाणं' म्हणत नसे. डेअरीत 'लोणी खाल्लं' याचा अर्थ एकच होता, चोरी. पॅकिंगमधल्या एकाची नोकरी त्यापायी गेली होती. चाखणबाई लोणी 'बघायची'. "बाई, सकाळची खेप बघितली का?" असं विचारलं जाई. घरी तर तिने लोण्याला बोटही लावलं नव्हतं. पाव कोरडा, बटाटा उकडलेला आणि कोरडा. कुणी आग्रह केलाच तर ती सांगायची, "मी लोणी खात नाही." तिचा नवरा पाहुण्यांना हे कौतुकाने ऐकवायचा. तो शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन होतं आणि गल्लीभर त्याला मास्तर म्हणत.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडच्या ग्रंथीत एक मोठी, आणि मानेच्या डाव्या अंगाला तिची बारकी पिलावळ. "गाठ वाईटातली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण वाईटातली त्यातल्या त्यात चांगली." हे ऐकून चाखणबाईला बरं वाटलं. दर्जा लावण्याची भाषा तिला कळत होती.

ऑपरेशन नीट झालं. गाठी सगळ्या निघाल्या. मानेतून एक बारीक नळी बाहेर काढून तिला प्लॅस्टिकची बाटली जोडली होती. आत साठलेलं पाणी, रक्त त्यातून निघून जातं आणि काही दिवसांत नळी काढतात. सुरुवातीला बाटलीत तांबूस पाणी येत होतं. मग तिला नेहमीचं जेवण सुरू झालं, आणि बाटलीत दूध यायला लागलं.

दूधच. पांढरंशुभ्र, दाट. नर्सने बाटली उजेडात धरली, खाली ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. चाखणबाईने मान न हलवता, नुसते डोळे फिरवून बाटलीकडे पाहिलं.

"साय काढलेलं नाही हे," ती नवऱ्याला म्हणाली. "चांगलं स्निग्ध आहे."

"तुला आत्ता हे सुचतंय?"

"मग काय सुचू दे?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून घेतली. जेवणातला स्निग्ध भाग आतड्यातून थेट रक्तात जात नाही, त्या म्हणाल्या. त्याची वेगळी वाट असते. शरीरातलीच एक बारीक नळी पोटातून छातीमागून वर येते आणि मानेच्या बुडाशी, डाव्या बाजूला, शिरेला मिळते. नेमक्या तिथल्याच गाठी काढायच्या होत्या. काढताना त्या नळीला कुठेतरी ओरखडा गेलाय. असं क्वचित होतं, पण होतं.

"मग टाका घाला ना," मास्तर म्हणाले. त्यांच्या लेखी जगातली निम्मी दुखणी टाक्याने बरी होणारी होती.

"मास्तर, ती नळी ओल्या कागदासारखी असते. सुई गेली की शेजारी दुसरं भोक."

विरलेलं कापड मास्तरांकडेही येत असे. कोपराशी जरा उसवलंय, दोन टाके घाला म्हणून गिऱ्हाईक सदरा टाकून जाई, आणि टाका ओढला की कापडच दोऱ्याबरोबर निघून येई. अशा कापडाला हात न लावणं हेच शहाणपण, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"मग करायचं काय?"

"काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तेच नीट करायचं. मानेला दाबून पट्टी बांधू. उशी उंच. वजन उचलायचं नाही. आणि जेवणात तेल, तूप, लोणी, साय अजिबात नाही. त्या वाटेने जायला काही उरलंच नाही की वाट कोरडी पडते आणि भोक आपोआप बुजतं. बहुतेकांचं बुजतं."

"आणि नाही बुजलं तर?"

"तर मान पुन्हा उघडावी लागेल. सुजलेल्या जागेत ते भोक शोधावं लागेल. तिथून आवाजाची नसही जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसू शकतो."

चाखणबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "विचार करताय वाटतं," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हणालो?"

"म्हणाला नाहीत तेच सांगतेय."

पण ती घाबरली होती. एकदा मान कापून घेतली ते ठीक, दुसऱ्यांदा नको. तेव्हा ठरलं असं, की घरी जायचं, बाटलीची नळी मानेत तशीच ठेवायची, एक दिवसाआड येऊन दाखवायचं. डॉक्टरबाईंनी एक सोमवार ठरवून दिला. तोवर बाटलीतलं पांढरं थांबलं नाही, तर ऑपरेशन.

आहाराचं सगळं एका तरुण मुलीच्या हाती होतं. ती सगळ्यांना काका-काकू म्हणायची आणि पोलिसासारखे प्रश्न विचारायची. अंड्याचं पांढरं चालेल, पिवळं नाही. भात, बटाटा, फळं, बिनतेलाचा पाव चालेल. दूध साय पूर्ण काढलेलं.

"ते दूध नाही," चाखणबाई म्हणाली. "आम्ही त्याने फरशीसुद्धा पुसणार नाही."

"तेच प्यायचंय, काकू." मग तिने एक छोटी बाटली काढली. हे खास तेल, त्या नळीच्या वाटेने जात नाही, सरळ रक्तात जातं, म्हणून एवढंच चालतं. चाखणबाईने थेंबभर जिभेवर घेतलं आणि डोळे मिटले. मुलगी वाट पाहत राहिली.

"याच्यात काही नाही," चाखणबाईने निकाल दिला. "ना चांगलं, ना वाईट. बिनसहीच्या अर्जासारखं आहे."

घरी मास्तरांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तेलाची बरणी शेजारणीकडे पोहोचती झाली. भांडी सोड्याने अशी घासली की हातातून निसटायला लागली. मशीनला तेल दिल्यावर ते कोपरापर्यंत हात धूत आणि मगच भाताला पाणी ठेवत. स्वयंपाक त्यांना फारसा येत नव्हता, पण या जेवणात येण्यासारखं काही नव्हतंच. बटाटा उकडायचा, सूप उकळायचं. मीठ मात्र ते कापडावर खडूची खूण करावी तसं, दूर उभं राहून, एक डोळा बारीक करून टाकत.

आणि फरक पडला. बाटलीतलं पांढरं फिकट झालं, मग पाणचट, मग गवताच्या काडीसारखं पिवळसर. प्रमाणही उतरलं. डॉक्टरबाई "छान चाललंय" म्हणाल्या आणि मास्तर घरी येताना गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगत आले की काहीही न करण्याचा किती उपयोग होतो.

याच सुमारास फोरमन भेटायला आला. डेअरीच्या लोणी विभागाचा फोरमन, चाळिशीचा, कायम घाईत. हातात सफरचंदांची पिशवी.

"बिस्किटं आणणार होतो, बाई. पण त्यात लोणी असतं. विचारलं मी दुकानात. म्हटलं नको."

"बरं केलंस. डेअरीत काय चाललंय?"

त्याच्या जिवात जीव आला. याच प्रश्नासाठी तो आला होता. बाई नसल्यामुळे मॅनेजर स्वतः लोणी बघत होते. मॅनेजरना सगळं लोणी छान लागत होतं. काल एका दुकानदाराने अख्खी पेटी परत पाठवली होती. बोलता बोलता फोरमनने पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि पलंगावर उघडला. आत बर्फ, बर्फावर कागदात गुंडाळलेले लोण्याचे तुकडे, प्रत्येकावर खेपेचा आकडा.

"जरा बघता का? नुसतं बघायचं."

"आण," चाखणबाई म्हणाली. "आणि तो पेला दे. कोमट पाणी हवं."

पुढच्या खोलीत मास्तरांचं मशीन खडखडत होतं. मागच्या खोलीत खिडकीपाशी चाखणबाईने गळ्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत एकेक तुकडा नाकाखाली धरला, टोक जिभेवर ठेवलं, टाळूला लावलं, थोडं घशाखाली सोडलं, बाकीचं थुंकलं. पहिला, पहिला, दुसरा, हा वितळवा, पहिला. फोरमन कागदांवर खुणा करत गेला. निघताना तो म्हणाला, "बाई, तुमची पथ्याची फार शिस्त आहे हां. मला नसतं जमलं." ती म्हणाली, जमवावं लागतं.

त्यानंतर फोरमन रोज सकाळी यायला लागला. मास्तरांना वाटलं, माणूस मायाळू आहे.

आणि बाटलीत पुन्हा दूध आलं.

आहारवाल्या मुलीने बाटली पाहिली, मग काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे.

"काय खाल्लंत, काकू?"

"तू सांगितलंस तेवढंच."

"लोणी?"

"मी लोणी खात नाही." हे इतक्या शांतपणे आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आलं, की मुलीने तो प्रश्न तिथेच सोडला आणि मोर्चा मास्तरांकडे वळवला. सूप कशात करता? पळी कुठली? फोडणी तर देत नाही ना, चवीला म्हणून, दया येऊन? मास्तरांचा चेहरा पडला. एखाद्या गिऱ्हाइकाने भर दुकानात कापड चोरल्याचा आळ घ्यावा, तसा.

डॉक्टरबाईंनी कुणावर आळ घेतला नाही. "एवढं काटेकोर पथ्य असूनही वाहतंय," त्या म्हणाल्या, "म्हणजे भोक मोठं असणार. ते आपण होऊन बुजणार नाही. ठरल्याप्रमाणे सोमवारी ऑपरेशन करू."

घरी आल्यावर चाखणबाई सरळ स्वयंपाकघरात गेली, झाकण काढलं आणि सूप चमच्याने तोंडात घेतलं. मग भात. मग रिकामी पळी, रिकामं पातेलं, पोळपाटाची कड, सगळ्याला जीभ लावली. मास्तर दारात उभे.

"चोर सापडला का?"

"थांबा हो."

"नाही, नीट बघ. माझ्या बोटांनाही बघ. मशीनचं तेल असेल."

तिने खरोखरच त्यांचं बोट हुंगलं. मग स्टुलावर बसली. "स्वच्छ आहे सगळं," ती म्हणाली. "तुमच्या हातात काही दोष नाही."

मास्तरांना यात जिंकल्याचं समाधान मिळायला हवं होतं. मिळालं नाही. दोष हातात असता तर हात धुता आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमन आला तेव्हा मास्तर एका शाळेच्या गणवेशाची चेन बसवत होते. तो आत गेला. मशीन खडखडत राहिलं आणि मग मध्येच पट्टा निसटला. खडखड थांबली. मास्तर पट्टा चढवायला खाली वाकले, आणि आतून बायकोचा आवाज आला, स्वच्छ, कामातला.

"थांब रे, घाई करू नकोस. अजून घशाखाली उतरलं नाही."

मास्तर वाकल्या जागीच राहिले. मग ते उठले आणि आतल्या दारात जाऊन उभे राहिले. पलंगावर डबा, डब्यात बर्फ, बर्फावर लोणी. बायको डोळे मिटून टाळू चाटत होती.

"काय उतरलं नाही?" त्यांनी विचारलं.

"श्श. काम चाललंय."

"अगं, तू लोणी खातेयस."

"खात कुठे? बघतेय."

"गिळतेयस."

"थोडं गिळावंच लागतं. त्याशिवाय कडवटपणा..." आणि इथे चाखणबाईने डोळे उघडले. तिने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. चुळीच्या पाण्यावर लोण्याचे पिवळे डोळे तरंगत होते. थोडेच. खेपा मात्र डझनभर बघून झाल्या होत्या.

फोरमनने डब्याचं झाकण लावलं. "मी बिस्किटंसुद्धा आणली नव्हती," तो पुटपुटला.

"तू गप बस," नवरा-बायको एकदमच म्हणाले.

ती त्याच दिवशी हॉस्पिटलात गेली, बोलावलं नसताना. मास्तर म्हणाले, मी सांगतो. ती म्हणाली, नको, तुम्ही रंगवून सांगाल. डॉक्टरबाईंसमोर बसून तिने पोकळ सळईपासून सुरुवात केली आणि कोमट पाण्याच्या पेल्यापर्यंत सगळं क्रमाने सांगितलं, नव्या माणसाला काम शिकवावं तसं.

"आणि थुंकता ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बरंचसं."

"बरंचसं म्हणजे?"

चाखणबाई खिडकीबाहेर बघायला लागली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, पण बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. "मग पथ्य अजून झालेलंच नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "अर्धं झालं आणि तेवढ्यावरही उतरत होतं. म्हणजे भोक एवढं मोठं नसावं. सोमवार पुढच्या सोमवारवर ढकलते. कायमचा नाही ढकलत, लक्षात ठेवा."

आहारवाली मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिच्या प्रश्नांत एकाची भर पडली. पेशंट काहीही काम करणारा असो, ती विचारायची, "आणि कामावर तोंडात काय काय घालता?"

फोरमनला घरातून बंदी झाली नाही. बंदी घातली असती तर चाखणबाई पथ्यापेक्षा मॅनेजरच्या जिभेच्या विचारानेच आजारी पडली असती. पण अटी मास्तरांनी घातल्या. डबा टेबलावर, बाई खुर्चीत, आणि मध्ये मास्तर, गळ्यात मापाची टेप. लोणी नाकापर्यंत येईल, ओठांपर्यंत नाही. ती हुंगायची, दोन बोटांत चुरडून पाहायची, पाणी सुटतंय का, कणी लागतेय का. उरलेलं फोरमनला विचारायची.

"तू चाख. काय वाटतं?"

"चांगलं वाटतंय."

"चांगलं म्हणजे कसं?"

"म्हणजे... लोण्यासारखं."

"देवा," ती म्हणायची आणि पुन्हा हुंगायची. एका खेपेशी ती बराच वेळ घुटमळली. वास गोड होता, बोटांना मऊ लागत होतं, फोरमनलाही लोण्यासारखं वाटलं. "पहिला दर्जा," तिने शेवटी सांगितलं. "पण नाकावर सही करतेय मी. नाक काही माझा कामाचा अवयव नाही."

"सही कर आणि सोड," मास्तर म्हणाले आणि तिची बोटं साबणाने धुवायला घेऊन गेले.

बाटली हळूहळू शहाणी झाली. पांढऱ्याचं पाणचट झालं, पाणचटाचं पिवळसर, आणि तेही दिवसागणिक कमी. पुढचा सोमवार उजाडला तेव्हा तळाशी चमचाभर स्वच्छ पाणी होतं. मास्तरांनी बाटली कुणाच्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून डॉक्टरबाईंना दाखवली.

"आता परीक्षा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पथ्यावर वाहत नाही हे दिसलं. पण पथ्य सोडल्यावर वाहतं का, ते नळी काढण्याआधी कळायला हवं. भरपूर स्निग्ध खायचं आणि बाटलीकडे बघत बसायचं. पांढरं आलं तर ऑपरेशन. नाही आलं तर नळी काढून घरी."

"काय खायचं?" चाखणबाईने विचारलं.

"लोणी. जाड थर लावून. पावाचे दोन तुकडे."

"मी लोणी..." ती सवयीने सुरू झाली आणि मास्तरांनी वर पाहिलं. तिने वाक्य सोडून दिलं.

कॅन्टीनमधून पाव आला, छोट्या पाकिटातलं लोणी आलं. मुलीने स्वतः थर लावला, इतका जाड की चाखणबाईच्या मनात 'वाया घालवतेय' एवढं येऊन गेलं. तिने पहिला तुकडा खाल्ला. मुलगी बाटलीकडे बघत होती. मास्तर बाटलीकडे बघत होते. चाखणबाई भिंतीकडे बघत होती, आणि तिचा जबडा एकाएकी थांबला.

"काय होतंय?" मास्तर घाबरून उठले. "दुखतंय?"

तिने हात वर केला. गिळलं. थांबली.

"कडवट आहे," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटी येतोय. घशात. पाकीट बघू."

पाकीट तिच्याच डेअरीचं होतं. तिने ते चष्म्याजवळ नेऊन कडेचा खेपेचा आकडा वाचला. नाकावर सही केलेली खेप होती ती. तिने पावाचा दुसरा तुकडा उचलला आणि शेवटपर्यंत, कण न सांडता, खाऊन टाकला. मग फोन मागितला.

दुपार बाटलीसमोर गेली. चमचाभर पाणी आलं, पिवळसर, स्वच्छ, पलीकडचं बोट दिसेल असं. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी ते उजेडात धरलं, खाली ठेवलं आणि हातमोजे चढवले. नळी काढताना चाखणबाईच्या कानाला फोन होता. पलीकडे फोरमन.

"सगळी खेप परत मागव. दुकानांतून पण. हो, मीच पास केली होती, माझं नाव सांग. आणि मॅनेजरना सांग, घशात लागतं म्हणून, जिभेवर शोधत बसू नका."

"बोलू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नळी बाहेर येतेय."

"येऊ दे. आवाज शाबूत आहे ना?"

"दिसतोय."

घरी जाताना मास्तरांनी रिकामी पिशवी खांद्याला लावली होती आणि बराच वेळ ते काहीतरी मनात घोळवत होते. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "एवढं कडवट होतं, तर तो दुसरा तुकडा का खाल्लास?"

"डॉक्टरांनी खायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "चाखायला नाही."